मापाचा कोट

पतंगे काका कुणाच्याही बरोबरीनं चालत नसत. फुटपाथ कितीही रुंद असो, ते एक पाऊल मागेच. वॉटफर्डच्या मराठी मंडळात लोकांनी याचा अर्थ आपापल्या परीनं लावला होता. कुणी म्हणे, फार विनयशील माणूस. कुणी म्हणे, गुडघे दुखतात. खरी गोष्ट अशी होती की काकांना माणूस समोरून बघण्यात रसच नव्हता. ते पाठ बघायचे. "तोंड काय, कुणीही हसरं करून ठेवतं," ते म्हणत. "पाठीवर कपडा कसा पडतो ते बघा. तिथं माणसाला काही लपवता येत नाही."

मला हे कळलं ते माझ्याच पाठीवरून. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. लग्न होऊन मी नुकतीच इंग्लंडला आले होते आणि मंडळाच्या गणपतीत, भाड्यानं घेतलेल्या चर्च हॉलमध्ये, आरतीला उभी होते. मागून आवाज आला, "बाई, पिशवी नेहमी डाव्याच हातात धरता का?" वळून बघते तर सत्तरीच्या पुढचे, बुटके, चष्मेवाले एक गृहस्थ. अंगात करड्या रंगाचा कोट, इतका नेटका की हॉलमधले बाकीचे पुरुष अंथरुणातून उठून आल्यासारखे दिसत होते. "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा. ब्लाउज त्या बाजूला ओढतोय." मी तेव्हा भलतीच तिखट होते. ओळख ना पाळख, आणि हा माणूस भर आरतीत माझा ब्लाउज बघतोय. मी म्हटलं, "काका, गणपती त्या बाजूला आहे." ते जराही ओशाळले नाहीत. "त्याचा शेलाही तिरका घातलाय," म्हणाले आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागले.

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. खांदा उतरलेला होता. मग काय करता, पुढच्या आठवड्यात चार ब्लाउज पिशवीत घालून मुकाट त्यांच्या दारात गेले.

त्या दिवसांत माझी काय अवस्था होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा नवरा निखिल बेसिंगस्टोकला प्रोजेक्टवर होता. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी संध्याकाळी यायचा. मधले चार-पाच दिवस मी आणि आमचा वन-बेडरूम फ्लॅट. पुण्यात शाळेत शिकवणारी, दिवसभर तोंडाची टकळी चालवणारी मी, इथं दुकानातल्या मुलीनं "यू ऑलराइट?" विचारलं तरी भरून येऊन सविस्तर उत्तर द्यायला लागायचे. दुपारी तीन वाजता फ्रिजचा आवाज ऐकत बसायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. काकांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा लीड्सला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. म्हणजे दोघंही एकाच नावेत, फक्त मी ते बोलून दाखवायचे आणि ते दाखवत नसत.

ब्लाउज झाले तरी मी जात राहिले. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी. काका आलं ठेचून चहा करायचे, डायजेस्टिव्ह बिस्किटांचा डबा उघडायचे आणि बरोबर साडेतीनला टीव्ही लावायचे. जुन्या मालिका पुन:पुन्हा दाखवणारा एक चॅनेल होता. त्यावर एक विनोदी मालिका लागायची, तीसेक वर्षांपूर्वीची, दुसऱ्या महायुद्धातली. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गावात सैन्यासाठी पाव भाजणारी एक तुकडी, असा सगळा प्रकार. लढाईवर कधीच न गेलेले हे वीर पिठानं माखलेले असायचे. मिशीवाला मेजर, सतत कशाला तरी अडखळून पडणारा लांबट कॉर्पोरल, आणि एक म्हातारा शिपाई, ज्याचा गणवेश त्याला दोन साइझ मोठा. बाह्या बोटांच्या खाली, कॉलरमध्ये मान हरवलेली. तो पडद्यावर आला की स्टुडिओतले प्रेक्षक नुसते लोळायचे. मीही खो खो हसायचे. काका हसत नसत. ते खुर्ची पुढे ओढून, परीक्षेला बसल्यासारखे बघत. "आता वळेल बघा. काखेत चुणी पडेल. पडली?" पडलेली असायची.

"काका, तुम्हाला कसं कळतं?" मी तिसऱ्या-चौथ्या वेळेस विचारलं.

"मीच पाडलीय ती," काका म्हणाले.

त्या चुणीची हकिगत अशी. काकांच्या वडिलांचं पुण्यात, कॅम्पात, लष्करी अधिकाऱ्यांचे कपडे शिवायचं दुकान होतं. काका पोरवयापासून तिथं बसले. साठच्या दशकात इकडे आले आणि लंडनमध्ये नाटकांना, टीव्हीला कपडे भाड्यानं देणाऱ्या एका वखारीत नोकरीला लागले. या मालिकेची सुरुवात झाली तेव्हा टीव्हीवाल्यांकडच्या, कपडे बघणाऱ्या मॅडमनी चौदा गणवेश काकांच्या टेबलावर आणून टाकले, प्रत्येकावर घालणाऱ्या नटाच्या नावाची आणि मापाची चिठ्ठी. शुक्रवारी संध्याकाळ झालेली, मॅडम घाईत. काकांनी मापं ताडून बघितली तर एक म्हणून गणवेश बरोबर नाही. कुणाला घट्ट, कुणाला ढगळ, एकाचा खांदा कोपरावर. त्यांना वाटलं, कुणीतरी मोठी चूक केलीय आणि सोमवारी बिल आपल्यावर फाटणार. शनिवार-रविवार वखारीत एकटे बसून त्यांनी चौदाच्या चौदा गणवेश उसवले आणि प्रत्येक नटाच्या मापात आणून, इस्त्री मारून, ओळीनं टांगून ठेवले.

"सोमवारी नट मंडळी ते घालून उभी राहिली," काका सांगत, "आणि डायरेक्टरच्या तोंडून शब्द फुटेना. खरीखुरी फौज दिसत होती हो. हसायचं कुणाला?" मॅडम आधी पांढऱ्याफटक पडल्या, मग तिथल्या तिथं एका पेटाऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, मिस्टर पतंगे, आता हे सगळे बिघडवा.

मला तो किस्सा इतका आवडला की मी तो काकांकडून चार वेळा सांगवून घेतला. पण सांगताना शेवटाला त्यांचा आवाज खाली यायचा, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी बिघडवले, आणि असे काही बिघडवले की पुढं पाच वर्षं त्या मालिकेचे सगळे कपडे त्यांच्याकडेच आले. "ढगळ म्हणजे नुसतं मोठं नव्हे, बाई. नुसतं मोठं शिवलं तर माणूस गरीब दिसतो. लोक हसत नाहीत, कीव करतात. माणूस हलला की कोट त्याच्यामागून हलला पाहिजे, एक क्षण उशिरा. तिथं हसू येतं." हे ते मला खडूनं कापडावर काढून दाखवायचे. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, किती खाली न्यायचा, कॉलर मागं किती सोडायची. मी शिवणातली ढ. पण ऐकून ऐकून मलाही मुंढा आणि खांदा यातलं नातं कळायला लागलं.

एका गुरुवारी मी सहज विचारलं, की वडिलांना काय वाटलं असेल, मुलाचं काम टीव्हीवर दिसतं म्हणून. काकांनी कप खाली ठेवला. "वडलांना मी लिहायचो, की इथं मिलिटरीचं काम करतो. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं." मग एकदम म्हणाले, "एक कोट मात्र मी नीट शिवला होता." आणि त्या दिवशी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी बायकोला सांगितली होती आणि आणखी कुणालाच नाही.

म्हाताऱ्या शिपायाचं काम करणारा नट तरुणपणी खरोखरच युद्धावर गेलेला होता. माप द्यायला आला की काकांशी दोन शब्द बोलायचा. एकदा म्हणाला, खऱ्या फौजेतही मला कधी मापाचा कोट मिळाला नाही, आणि इथं तर तो न मिळण्याचेच पैसे मिळतात. हसत हसतच म्हणाला. पण काकांच्या मनाला ते लागून राहिलं. पुढच्या भागात त्या शिपायाला पदक मिळायचं होतं. काकांनी हुकमाप्रमाणे नेहमीचा ढगळ कोट तयार केला, आणि स्वत:च्या वेळात, कुणाला न सांगता, दुसरा एक कापला. त्याच्या अंगाला बसेल असा, कॅम्पातल्या दुकानात एखाद्या कर्नलला शिवला असता तसा. दोन्ही कोट पेटाऱ्यात घातले, मापाच्या कोटावर त्या नटाच्या नावाची चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून तार आली की वडील गेले. काका दोन महिन्यांनी परतले तोवर तो म्हातारा नटही वारला होता, मॅडम नोकरी सोडून गेल्या होत्या, आणि पेटारा रिकामा परत आलेला होता. हुकूम मोडून शिवलेल्या कोटाचं विचारायचं कुणाला आणि कसं?

"घातला का त्यानं, एवढंच कळायला पाहिजे होतं," काका म्हणाले. "तीस वर्षं झाली. चॅनेलवाले तेच तेच दहा-बारा भाग फिरवतात. तो भाग काही लागत नाही." तेव्हा मला कळलं की हा माणूस रोज साडेतीनला खुर्ची पुढे ओढून काय शोधत होता.

त्या थंडीत काकांचे डोळे गेले. एकदम नाही, मधून गेले. आधी सुईत दोरा ओवायला मला सांगू लागले. मग माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायला लागले. "तिरका बघतोय म्हणून राग मानू नका. मधोमध तुम्ही पुसल्या गेल्यात. कडेनं थोड्या दिसता." डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं राहील, मधलं परत येणार नाही. आणि नेमकं त्याच थंडीत मी हाय स्ट्रीटवरच्या दुकानात त्या मालिकेचा डीव्हीडीचा संच बघितला होता. सगळेच्या सगळे भाग. मी आनंदानं धावत येऊन काकांना सांगितलं, आणते म्हटलं. आणि आणला नाही. मला शाळेत मदतनीस म्हणून नोकरी लागली होती, नवी नवलाई होती, माझी स्वत:ची माणसं होत होती. या शनिवारी आणते, पुढच्या शनिवारी आणते. काकांनी एकदाही आठवण करून दिली नाही. मी संच घेऊन गेले तेव्हा मार्च संपत आला होता आणि काकांना टीव्ही म्हणजे कडेला हलणारा उजेड एवढंच दिसत होतं. याबद्दल मी स्वत:ला अजून माफ केलेलं नाही.

"तुम्ही आहात की," काका म्हणाले. "तुम्ही बघा आणि मला सांगा." त्या दिवशी त्यांनी तो करडा कोट घातला होता, घरातल्या घरात.

मी तो भाग शोधून लावला. काका खुर्ची पुढे ओढून, मान वाकडी करून बसले. मेजर बोलला, शिट्टी वाजली, सगळे रांगेत आले. "आला का तो?" काकांनी विचारलं. "खांदा बघा. बाही कुठून निघते ते बघा." म्हातारा शिपाई दारातून आत आला. बाह्या बोटांच्या खाली. कॉलरमध्ये मान हरवलेली. नेहमीचा, दोन साइझ मोठा, ढगळ कोट.

माझ्या डोळ्यांसमोर त्यांची वाट बघणारी वाकडी मान होती. मी म्हटलं, "हो काका. घातलाय. अगदी मापात बसलाय."

आणि त्याच क्षणी स्टुडिओतले प्रेक्षक हसायला लागले. पदक लावायला जनरल पुढं झाला, कोटात छाती सापडेना, आणि हशा वाढतच गेला. काका ऐकत होते. "मग लोक कशाला हसतायत?" त्यांनी विचारलं. मी घाईघाईनं म्हटलं, "तो लांबट कॉर्पोरल पडला मागे, अडखळून." काकांनी वाकडी मान सरळ केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कॉर्पोरल या भागात नाही, बाई. त्याचे कपडे त्या आठवड्याला आलेच नव्हते."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काका म्हणाले, "बंद करा आता. चहा ठेवतो." मी बंद केलं. त्यांनी हातानं चाचपत आलं काढलं, ठेचलं, चहा केला आणि मला शाळेतल्या मुलांबद्दल विचारलं. मला रागावले असते तर मी रडून मोकळी तरी झाले असते.

त्या उन्हाळ्यात निखिलला एडिनबराला नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा काकांनी तो संच माझ्या हातात ठेवला, मला काय उपयोग म्हणून. फाटकापर्यंत सोडायला आले, एक पाऊल मागून. माझी पाठ आता त्यांना दिसत नव्हती तरी.

एडिनबराला पहिल्या हिवाळ्यात दुपारीच अंधार व्हायचा आणि पुन्हा मी एकटी. एका शनिवारी निखिल बाहेर गेला असताना मी तो संच काढला आणि तोच भाग लावला. का लावला, सांगता येणार नाही. स्वत:ला शिक्षा करावीशी वाटली असेल. शिपाई आला, लोक हसले, पदक कोटाच्या आत घरंगळलं. आम्ही जिथं बंद केलं होतं ते ठिकाण आलं आणि गेलं. अजून सात-आठ मिनिटं होती. त्यात पदकाचा गोंधळ निस्तरला, तुकडीतली तरुण पोरं खरोखरच लढाईवर निघाली, आगगाडीत बसली. आणि शेवटी फलाटावर तो म्हातारा त्यांना निरोप द्यायला एकटा आला. मापाच्या कोटात.

मी उठून टीव्हीपाशी गेले. खांदा खांद्यावर होता. बाही मनगटाला थांबत होती. तो सलाम करायला वळला तेव्हा पाठीवर एक रेघ नव्हती. गाडी निघून जाईपर्यंत तो तसाच ताठ उभा राहिला, आणि स्टुडिओभर एवढी माणसं बसलेली असून एकही हसलं नाही.

मी तसाच काकांना फोन लावला. सगळं सांगितलं, एका दमात. मुंढा, कॉलर, पाठ, सगळं. काकांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. "हो का," म्हणाले. "बरं झालं." सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं, की हे सगळे शब्द मला त्यांनीच शिकवलेले आहेत. त्यांना काय ऐकायला आवडेल ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"थांबा, काका, ऐका," मी म्हटलं. तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला, आवाज मोठा केला आणि फोन टीव्हीला लावून धरला. म्हाताऱ्यानं सलाम केला. मी फोन कानाला लावला. "ऐकलंत?"

"काही ऐकू आलं नाही हो," काका म्हणाले.

"तेच सांगतेय, काका. कुणी हसत नाहीये. एकही माणूस हसत नाहीये."

मग ते म्हणाले, "तुम्ही मनानं फार चांगल्या आहात, बाई." आणि विचारलं, तिकडं थंडी किती आहे, गरम कपडे पुरेसे आहेत ना.

मी इस्टरच्या सुट्टीत वॉटफर्डला जायचं ठरवलं होतं. त्यांच्या मुलालाच सोबत बसवून तो प्रसंग बघायला लावायचा आणि त्यानं सांगायचं, म्हणजे काकांना पटलं असतं. फेब्रुवारीत त्या मुलाचाच फोन आला. काका सकाळी खुर्चीतच गेले होते. कपाट आवरताना कोटांचं काय करू, असं त्यानं मला विचारलं.

ज्यांनी पतंगे काकांना कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिलं. त्यांच्या हातचा एक कोट होता, तो त्या म्हाताऱ्यानं घातला होता आणि तो त्याला नीट बसला होता. माझा यात काही फायदा नाही, आता कुणाला बरं वाटावं म्हणूनही मी हे सांगत नाही. काका, त्या दिवशी फोनवर मी खरं बोलत होते.